वऱ्हाडातील स्त्री-उद्योजकता
स्त्री-उद्योजकता : स्वतःच्या भांडवलाने वा कर्जाऊ पैशाने, स्वतःच्या निर्णयाने आणि लाभहानीची जबाबदारी स्वतः पत्करून स्त्रीने चालविलेला व्यवसाय, तसेच व्यवसायसंस्थेतील अधिकारपदांपर्यंत तिने केलेली वाटचाल, यांस सामान्यतः ही संज्ञा लावतात. ज्या उद्योगातील किमान ५१ टक्के भांडवल स्त्रियांच्या मालकीचे आहे, तो स्त्रियांचा उद्योग होय, अशी शासकीय व्यवहारात रूढ झालेली व्याख्या आहे. ही व्याख्या मालकीवर आधारलेली आहे, श्रमावर नव्हे. ग्रामीण महाराष्ट्रात स्त्रीचे श्रम आणि स्त्रीची मालकी ह्या दोन गोष्टी दीर्घकाळ परस्परांपासून अलग राहिल्या. म्हणून येथील स्त्री-उद्योजकतेचा इतिहास हा मुख्यतः ह्या दोहोंतील अंतर कसे पडले आणि ते कितपत भरून निघाले, याचा इतिहास आहे. वऱ्हाडातील कापूसप्रदेशात तो विशेष स्पष्टपणे दिसून येतो. यवतमाळ–अमरावती मार्गावरील नेर (नेर परसोपंत) हे तालुक्याचे ठिकाण व त्याचा परिसर हे त्या प्रदेशाचे प्रातिनिधिक उदाहरण मानता येईल. (अमरावती जिल्ह्यातील नेर पिंगळाई हे गाव याहून वेगळे.) काळी जमीन, पावसावर अवलंबून असलेली कापूस, तूर व सोयाबीन यांची शेती, आठवडी बाजार आणि हंगामापुरती मजुरी ही येथील अर्थव्यवस्थेची ठळक अंगे आहेत.

पूर्वपीठिका : पारंपरिक ग्रामव्यवस्थेत स्त्रिया उत्पादनाच्या व विक्रीच्या कामांत सर्रास सहभागी असत. माळीण, तेलीण, कासारीण, भोईण, कुंभारीण ही व्यवसायवाचक स्त्रीलिंगी नामे मराठीत रुळली, ती केवळ त्या जातींतील पुरुषांच्या बायका म्हणून नव्हे. बाजारात पाटी घेऊन बसणारी, दर ठरविणारी आणि उधारी लक्षात ठेवणारी व्यक्ती बहुधा स्त्रीच असे. तथापि बलुत्याचा हक्क, वतन व जमीन यांची नोंद सामान्यतः पुरुषाच्या नावे होई. स्त्रीच्या हाती राही ते स्त्रीधन, म्हणजे मुख्यतः दागिने व विवाहप्रसंगी मिळालेल्या वस्तू. अडचणीच्या वेळी गहाण पडे तेही हेच धन.

कापसाच्या बाबतीत स्त्रियांचे स्थान याहून महत्त्वाचे होते. वेचलेल्या कापसातून सरकी काढण्याचे काम घरोघरी हातरेच्यावर होई आणि ते प्रायः स्त्रिया करीत. सूत कातणे हाही त्यांचाच उद्योग होता. कोष्टी, साळी, महार इ. समाजांतील विणकरांना हे सूत पुरविले जाई. शेतीच्या मोकळ्या दिवसांत घरबसल्या मिळणारे हे उत्पन्न थोडे असले, तरी ते स्त्रीच्या स्वतःच्या हाताचे होते.

कापसाचे व्यापारीकरण : १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकाशरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला व वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व भाव आला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. त्याच सुमारास वऱ्हाडात वाफेवर चालणारे रेचे व गठ्ठे बांधण्याचे दाबकारखाने उभे राहू लागले. पुढे किलिक निक्सन ह्या कंपनीने मूर्तिजापूरहून कारंजा व दारव्हा यांवरून यवतमाळपर्यंत अरुंदमापी लोहमार्ग नेला, तो प्रामुख्याने कापसाच्या वाहतुकीसाठी. ‘शकुंतला’ ह्या नावाने तो लोकांच्या परिचयाचा आहे. १९०५ मध्ये पूर्वीच्या वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले, तोपर्यंत हा जिल्हा कापसाचा जिल्हा म्हणून स्थिरावला होता.

ह्या स्थित्यंतराचा स्त्रियांच्या व्यवसायावर दुहेरी परिणाम झाला. यांत्रिक रेच्यांमुळे घरातील हातरेचा बंद पडला आणि आयात सुतामुळे कातणीचा धंदा बसला. घरच्या घरी, आपल्या सोयीने काम करणारी स्त्री आता दोन ठिकाणी मजूर म्हणून दिसू लागली : शेतात वेचणीला आणि कारखान्यात रेच्यावर कापूस घालायला. हंगामी जिनिंग कारखान्यांतील स्थिती बिकट होती. १८८४-८५ मध्ये नेमलेल्या मुंबई कारखाना आयोगापुढे शेजारच्या खानदेशातील अशा कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रदीर्घ कामाबद्दल साक्षी झाल्या. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाचा दिवस ११ तासांचा ठरविला. परंतु काही महिनेच चालणाऱ्या दूरदूरच्या कारखान्यांत त्याची अंमलबजावणी करणे कठीण होते. कापसाचा व्यापार वाढला, अडत्ये व सावकार सधन झाले. मात्र ज्या हातांनी कापूस वेचला त्यांच्याकडे ना माल राहिला ना यंत्र. स्त्रीचे काम वाढले आणि धंदा गेला, असे ह्या कालखंडाचे वर्णन करता येईल.

शिक्षण व स्वावलंबनाच्या संस्था : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात स्त्रियांच्या स्वावलंबनाचा विचार प्रथम शिक्षणाच्या अंगाने पुढे आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापिले व पुढे केडगाव येथे निराधार स्त्रियांना छपाई, विणकाम इ. उद्योग शिकविण्याची सोय केली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापिलेल्या अनाथ बालिकाश्रमातून हिंगण्याची संस्था वाढली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठाचा आरंभ झाला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाने परिचारिका व शिक्षिका घडविण्याचे कार्य केले. ह्या संस्थांनी स्त्रियांना पगारी व्यवसायांचे दार उघडून दिले. त्यांचा भर मुख्यत्वे नोकरी आणि हस्तोद्योग यांवर होता. भांडवल उभारणे, माल विकणे किंवा व्यवसाय वाढविणे हे विषय त्यांच्या अभ्यासक्रमात आले नाहीत.

विदर्भात ह्या विचाराला वेगळे वळण मिळाले ते वर्ध्यातील रचनात्मक कार्यामुळे. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत चरखा संघाने गेलेली कातणी खेड्यांत परत आणण्याचा प्रयत्न केला. १९३५ मध्ये महात्मा गांधींच्या आग्रहावरून कातणाऱ्याला निर्वाहापुरती मजुरी मिळाली पाहिजे, हे तत्त्व संघाने स्वीकारले. स्त्रीच्या घरगुती कामाचे मोल बाजारभावाने न ठरविता निर्वाहाच्या गरजेने ठरविण्याचा हा प्रयोग होता. खादी महाग पडू लागल्याने त्याला मर्यादा पडल्या; परंतु प्रश्न नेमका मांडला गेला.

मालकीचा प्रश्न व कायदा : व्यवसायाला कर्ज लागते, कर्जाला तारण लागते आणि खेड्यात तारण म्हणजे जमीन. त्यामुळे वारसाहक्काचा कायदा हा स्त्री-उद्योजकतेचा पाया ठरतो. १९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या संपत्तीविषयक कायद्याने विधवेला पतीच्या मिळकतीत मर्यादित हक्क दिला. तथापि प्रांतांतील शेतजमिनीला तो लागू होत नाही, असा निर्णय संघीय न्यायालयाने १९४१ मध्ये दिला. पुढे निरनिराळ्या प्रांतांना त्यासाठी स्वतंत्र कायदे करावे लागले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीची मर्यादित मालकी रद्द होऊन ती आपल्या संपत्तीची पूर्ण स्वामिनी झाली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना सहदायिकीत स्थान दिले आणि २००५ मध्ये केंद्रीय दुरुस्तीने सर्व मुलींना मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क मिळाला.

कायद्यातील हक्क आणि सातबाऱ्यावरील नोंद यांत मात्र मोठे अंतर राहिले. बहिणींनी भावांच्या लाभात हक्कसोड करून देण्याची प्रथा सर्वत्र आढळते. ह्या अंतरावर नेमके बोट ठेवले ते शेतकरी संघटनेने. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड (जि. नासिक) येथे भरलेल्या शेतकरी महिला अधिवेशनात शेतकरी स्त्रीच्या श्रमाचा व मालकीचा प्रश्न ऐरणीवर आला. त्यानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ हा कार्यक्रम मांडला. पतीने स्वेच्छेने जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करून द्यावा, असे त्याचे स्वरूप होते. ज्या गावात शंभर वा अधिक कुटुंबांनी असे केले, ते लक्ष्मीमुक्त गाव म्हणून गौरविण्यात येई. विदर्भातही ह्या कार्यक्रमाला प्रतिसाद मिळाला. १९९२ मध्ये राज्यशासनाने पत्नीचे नाव सहधारक म्हणून अधिकार अभिलेखात दाखल करण्याची सोय केली. ज्या स्त्रीचे नाव सातबाऱ्यावर चढले, तिला पीककर्ज, विमा व विक्री यांबाबत स्वतःच्या सहीने व्यवहार करणे शक्य झाले. नाव नसलेल्या स्त्रीला मात्र कापसाचा शेवटचा बोंड स्वतः वेचूनही पैसा मिळे तो खातेदाराच्या हातून. १९७२ पासून राज्यात राबविलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेतही विक्रेता म्हणजे खातेदार हेच समीकरण होते.

नागरी भागातील प्रयोग : सामूहिक मालकीच्या मार्गाने स्त्रियांचा व्यवसाय उभा राहू शकतो, हे प्रथम मुंबईत सिद्ध झाले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली. पापड लाटणारी प्रत्येक सदस्य ‘बहीण’ ही संस्थेची सहमालक असते आणि लाभहानीत तिचा वाटा असतो, हे ह्या संस्थेचे वैशिष्ट्य होय. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला. गिरणगावात खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया सावकारी कर्जात अडकलेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना गटवार बँककर्ज मिळवून दिले. १९६९ मधील बँक-राष्ट्रीयीकरणामुळे हे साध्य झाले. १९८२ च्या गिरणी संपाने ग्राहकच नाहीसा झाल्याने ह्या खानावळींवर संकट आले. एकाच ग्राहकवर्गावर अवलंबून असलेला छोटा धंदा किती नाजूक असतो, याचा तो धडा होता.

स्त्रियांनी चालविलेल्या सहकारी बँका ही पुढची पायरी होती. पुण्याची भगिनी निवेदिता सहकारी बँक १९७४ ची. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ मध्ये सुरू झाली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून तिचा पहिला परवाना-अर्ज नामंजूर झाला होता. तेव्हा त्या स्त्रिया अक्षरे शिकल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी दर्शवून त्यांनी पुन्हा मागणी केली. ह्याच संस्थेने पुढे खेड्यांतील स्त्रियांसाठी उद्योग-प्रशिक्षणाची शाळा काढली व मोटारगाडीतून ती गावोगाव नेली.

मोठ्या उद्योगांतील अधिकारपदांवर स्त्रिया पोहोचल्याची उदाहरणे विसाव्या शतकाच्या अखेरीस वाढू लागली. पुण्यात लीला पूनावाला यांनी अल्फा लाव्हल ह्या अभियांत्रिकी कंपनीचे नेतृत्व केले. अनू आगा यांनी १९९६ ते २००४ ह्या काळात थरमॅक्सचे अध्यक्षपद सांभाळले. तर्जनी वकील १९९३ मध्ये निर्यात-आयात बँकेच्या प्रमुख झाल्या आणि २०१३ मध्ये अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. वऱ्हाडच्या दृष्टीने कल्पना सरोज यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. अकोला जिल्ह्यातील एका पोलीस शिपायाच्या ह्या दलित मुलीचा बालविवाह झाला. तो मोडल्यावर तिने मुंबईत शिवणकाम केले व कालांतराने आजारी पडलेली कमानी ट्यूब्ज ही कंपनी सावरली. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही उदाहरणे प्रेरक असली, तरी ती अपवादात्मक आहेत. २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेनुसार देशातील एकूण आस्थापनांपैकी केवळ १३·७६ टक्के आस्थापनांची मालकी स्त्रियांकडे होती. महाराष्ट्रात २०१७ च्या महिला उद्योजक धोरणाने हे प्रमाण ९ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठेवले.

बचत गट : ग्रामीण भागात बदलाचे मुख्य साधन ठरला तो स्वयंसहाय्यता बचत गट. ‘भिशी’ ही परस्पर-बचतीची प्रथा महाराष्ट्रात पूर्वीपासून होती. गटाने तिला लेखी हिशेब व बँकखाते यांची जोड दिली. आंतरराष्ट्रीय महिला वर्षाच्या निमित्ताने २४ फेब्रुवारी १९७५ रोजी महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) स्थापन झाले. १९९२ मध्ये राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने गट-बँक जोडणीचा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. २००७ पासून आंतरराष्ट्रीय कृषिविकास निधीच्या साहाय्याने माविमने ‘तेजस्विनी’ कार्यक्रम राबविला आणि गटांचे संघ म्हणून लोकसंचालित साधन केंद्रे उभारली. २०११ नंतर ‘उमेद’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने गट, ग्रामसंघ व प्रभागसंघ अशी त्रिस्तरीय रचना केली.

गटात साधारणतः १० ते २० स्त्रिया असतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड व हिशेबलेखन ही त्याची पंचसूत्री होय. सहा महिने गट नीट चालला, की तो बँककर्जास पात्र ठरतो. व्यक्तिगत विकासाच्या दृष्टीने ह्या पंचसूत्रीतील अखेरचे सूत्र सर्वांत परिणामकारक ठरले. रोजवही लिहिणे, बँकेत जाऊन अधिकाऱ्याशी बोलणे, बैठकीत मतभेद मांडणे आणि थकबाकीदार शेजारणीला तोंडावर सांगणे, ही कौशल्ये अनेकींनी प्रथम येथेच आत्मसात केली. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश व महाराष्ट्रात २०११ मध्ये निम्म्या जागा राखीव झाल्या, तेव्हा गटात तयार झालेल्या अनेक स्त्रिया सरपंच व सदस्य म्हणून पुढे आल्या.

गटरचनेतून खेड्यातील स्त्रीसाठी पदोन्नतीची एक शिडीही तयार झाली. गटाची सदस्य, मग सचिव वा अध्यक्ष, मग ग्रामसंघाची लिपिका, त्यानंतर कृषी सखी, पशू सखी, बँक सखी वा समुदाय संसाधन व्यक्ती असे तिचे टप्पे आहेत. गाव सोडणे शक्य नसलेल्या विवाहित स्त्रीला गावातच वाढत्या जबाबदारीचे काम मिळावे, ही कल्पना महत्त्वाची आहे. तथापि ह्या पदांना वेतन नसून मानधन असते. सेवेची शाश्वती वा निवृत्तीचे लाभ त्यांत अंतर्भूत नाहीत. जबाबदारी वाढली तरी मोबदला त्या प्रमाणात वाढत नाही, ही ह्या रचनेतील प्रमुख त्रुटी होय.

नेर परिसर व कापूसप्रदेशातील स्थिती : १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पश्चिम विदर्भात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे प्रमाण वाढले व यवतमाळ जिल्हा त्यात सर्वाधिक होरपळला. अशा कुटुंबातील विधवेवर शेती, कर्ज व मुलांचे शिक्षण यांची जबाबदारी एकदम येऊन पडली. जमीन सासऱ्याच्या नावे असेल, तर तिला कर्जही मिळत नसे आणि वारसनोंदीसाठी कचेरीचे खेटे घालावे लागत. जुलै २००६ मध्ये यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे साहाय्य जाहीर झाले. २००९ पासून ह्याच सहा जिल्ह्यांत कृषी समृद्धी प्रकल्प (केम) राबविण्यात आला. त्यात स्त्रियांच्या गटांना शेळीपालन, दुग्धव्यवसाय, डाळ व धान्यप्रक्रिया यांसारख्या पूरक उद्योगांसाठी साहाय्य देण्यात आले.

नेरसारख्या तालुक्यात स्त्रियांचे प्रचलित व्यवसाय म्हणजे शेळीपालन, म्हशी, शिवणकाम, पापड-शेवया, तिखट-मसाले, भाजीविक्री, किराणा दुकान व खानावळ. त्यांना भांडवल थोडे लागते, पण नफाही थोडा असतो. एकाच गावात अनेक गट एकच पदार्थ करू लागले, की आठवडी बाजारात त्यांची आपसांतच स्पर्धा होते. वेष्टन, अन्नसुरक्षा परवाना व दूरच्या बाजाराशी संपर्क ह्या गोष्टी जमल्या, तरच घरगुती उद्योगाचे व्यवसायात रूपांतर होते. दुसरीकडे, सोयाबीनचा पेरा वाढल्याने व मळणीयंत्रे आल्याने पारंपरिक शेतमजुरीचे दिवस घटले. शिकलेल्या मुली शेतमजुरी करू इच्छित नाहीत आणि त्यांच्या शिक्षणास साजेसे काम तालुक्याच्या ठिकाणी तुरळक आढळते. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर ह्या भागात पदवीधर मुलींची संख्या वाढली; त्यामुळे हा प्रश्न अधिकच तीव्र झाला.

कर्जाची सुलभता ही देखील निर्विवाद हितकारक ठरली नाही. बचत गटांच्या यशामुळे खाजगी सूक्ष्मवित्त कंपन्या खेड्यांत आल्या. स्त्रियांच्या नावे कर्ज उचलून ते आजारपण, लग्न वा पतीच्या शेतीवर खर्च करण्याचे प्रकार वाढले. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीनंतर विदर्भात अशी कर्जे मोठ्या प्रमाणावर थकली व वसुलीविरुद्ध स्त्रियांनी आंदोलने केली. कर्ज स्त्रीच्या नावे आणि निर्णय दुसऱ्याचा, अशी स्थिती असेल तेथे कर्जाने स्त्री-उद्योजकता वाढत नाही. स्त्रीची केवळ जबाबदारी वाढते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेचे मूल्यमापन करतानाही ही कसोटी लावणे आवश्यक आहे.

मूल्यमापन : वऱ्हाडातील स्त्री एकेकाळी हातरेच्याची चालक होती, कारखान्यांच्या युगात ती मजूर झाली आणि गटांच्या मार्गाने ती पुन्हा व्यवसायाकडे वळली आहे. ह्या दीडशे वर्षांच्या प्रवासातून काही निष्कर्ष निघतात. शिक्षणाने स्त्रीला नोकरीची पात्रता येते. व्यवसायासाठी त्याच्या जोडीला हिशेबाचे ज्ञान व बाजाराचा अनुभव लागतो. कर्जाचा लाभ व्हावयाचा असेल, तर तारण आणि निर्णय हे दोन्ही स्त्रीच्या हाती असले पाहिजेत. गटामुळे आत्मविश्वास येतो. पण गटाच्या मर्यादेत अडकून राहिल्यास व्यवसाय वाढत नाही. प्रगतीचा खरा निर्देशक गटांची संख्या हा नसून, सातबाऱ्यावरील स्त्रियांची नावे, स्त्रियांच्या स्वतंत्र बँकखात्यांतील उलाढाल आणि त्यांनी इतरांना दिलेला रोजगार हा आहे. कापूस ज्या प्रदेशात अद्यापही बहुतांशी स्त्रियाच वेचतात, तेथे त्या कापसाच्या व त्यावरील प्रक्रियाउद्योगांच्या मालकीत त्यांचा वाटा किती, हा प्रश्न अजून समाधानकारकपणे सुटलेला नाही.